भिंगरीचं नवं नाक

मी पाणीपुरवठा खात्याच्या मीटर विभागात वरिष्ठ लिपिक आहे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी कशातही बदल केलेला नाही. माझ्या टेबलावरचा पंखा मी रुजू झालो त्या दिवशी जो आवाज करत होता, तोच आजही करतो. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की गेल्या महिन्यापासून नातेवाइकांत माझ्याबद्दल बोललं जातंय, "दिसतो गरीब, पण सासऱ्याची अख्खी गाडी बदलून बसला." साफ खोटं आहे. मला उजव्या दिव्याची काच बसवायची होती. काच. एक. गोल.

गाडी माझी नव्हे, सासऱ्यांची. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना मोटारीच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते, आणि एके काळी तरुण मंडळी जिचा फोटो पाकिटात ठेवायची, ती दोन सीटांची छोटी स्पोर्ट्स कार त्यांच्याच टेबलावर कागदावर उतरली. कारखान्याने तिला अक्षरं आणि आकडे जोडून काहीतरी नाव दिलं होतं. ते कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून लोक तिला भिंगरी म्हणू लागले. बुटकी, हिरवी, पाठीला छानसा उतार, आणि पुढे दोन गोल दिवे. तिच्याकडे बघितलं की वाटायचं, हिला आत्ताच कोणीतरी काहीतरी धक्कादायक सांगितलंय. हल्ली आरशात मी तसाच दिसतो.

नानांकडे त्यातली एक भिंगरी एक्केचाळीस वर्षं होती. गुडघे गेल्यावर त्यांना तिच्यात बसता येईना. म्हणजे बसता यायचं, पण बाहेर काढायला दोन माणसं लागायची. तेव्हा त्यांनी मला बोलावलं, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटवली आणि म्हणाले, "जावईबापू, सांभाळा. हिच्यात काही बदलायचं नाही. एकदम तर नाहीच नाही."

आता कोणीही विचारेल की घरात सख्खा मुलगा असताना किल्ली जावयाकडे का? त्याचं उत्तर म्हणजे माझा मेव्हणा. वय चौतीस, उंची सहा फूट एक इंच, घरातलं नाव छोटू. हा छोटू त्याच कारखान्यात गाड्यांचे आकार ठरवायच्या विभागात आहे. नाना कागदावर काढायचे, हा काँप्युटरवर काढतो. मागे कारखान्याने भिंगरी पुन्हा बाजारात आणायचं ठरवलं आणि काम छोटूच्या गटाकडे आलं. त्याने नवी भिंगरी काढली. गोल दिव्यांच्या जागी दोन तिरप्या फटी, नाक धारदार, छप्पर एवढं खाली की चालकाने केस कापूनच बसावं. रविवारी जेवणानंतर त्याने ते चित्र मोठ्या हौसेने नानांपुढे ठेवलं. नानांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं आणि विचारलं,

"छान आहे. गाडी कुठाय?"

त्या दिवसापासून बापलेकांत बोलणं बंद. आठ महिने! एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात, पण बोलतात माझ्यातर्फे. आम्ही गेलो की नाना म्हणणार, "जावईबापू, त्याला विचारा, खिडकी लावतोस का," आणि 'तो' हाताच्या अंतरावर बसलेला असणार. मग मी विचारायचं. नाना म्हणायचे की गाडीचा चेहरा घराण्यातल्या चेहऱ्यासारखा असतो. आजोबांचं नाक नातवाला येतं, जरा इकडेतिकडे होऊन येतं, पण येतं. छोटू म्हणायचा की तेच तेच घासत बसलं तर ती गाडी उरत नाही, चौकातला पुतळा होतो, फक्त पक्षी बसायला. हे दोन्ही मी इकडचं तिकडे पोचवायचो. दोन्ही वेळा मला पटायचं, हा माझ्या स्वभावातला दोष आहे.

असो. तर काच.

गाडीच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. नूतनीकरणासाठी वाहन नोंदणी कचेरीत गाडी नेऊन तपासून घ्यावी लागते. ती झाली नाही तर गाडीचं नाव दप्तरातून कमी होतं आणि गाडी भंगारात जाते. तपासणीची तारीख मिळवायला मला अडीच महिने लागले होते. मी स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट एवढ्या लवकर कशी मिळाली म्हणून जरा शंकाच आली. सोमवार, सकाळी नऊ.

त्याच्या बारा दिवस आधी मी गाडी पुसायला म्हणून बाहेर काढली आणि पंपाच्या खोलीच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवली. म्हणजे आदळली.

बायको गॅलरीत उभी होती. "अहो," ती वरून म्हणाली, "ती खोली तिथेच होती ना?"

आमच्या विवाहित आयुष्यात मला विचारलेल्या प्रश्नांपैकी इतका निरुत्तर करणारा दुसरा नाही. उजव्या दिव्याच्या काचेचे सतरा तुकडे झाले होते. मी ते मोजले, कारण त्या क्षणी दुसरं काही करायला हात धजेना.

भिंगरीची कामं पहिल्यापासून एकाच गॅरेजात होतात. ते हल्ली जुन्या फिटरची मुलगी चालवते. सगळे तिला फिटरताई म्हणतात. ताई बोलायला फार काटकसरी. तिने फुटका दिवा बघितला, फळीवरून खोका काढला, त्यातून एक कोरी करकरीत गोल काच काढून दिव्यावर धरली. काच आत पडली. म्हणजे दिव्याचं भोक मोठं आणि काच लहान.

"ही भिंगरीची काच," ताई म्हणाली.

"मग बसत का नाही?"

"ही भिंगरीची काच आहे," ती पुन्हा म्हणाली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली, की मला वाटलं आपल्याला पुढचं वाक्य येत असायला हवं. मला येत नव्हतं. खोक्यावर चुकीची चिठ्ठी लागली असणार असं मी धरून चाललो. आमच्या मीटर विभागात हे रोज होतं.

"या मापाची काच कोणी करत नाही," ती म्हणाली. "भोक लहान करू, नाहीतर पुढचा पत्रा कापून दुसरा दिवा बसवू."

"कापून?" मी पत्र्यावर आडवा हात धरला. "ताई, काही बदलायचं नाही असा शब्द दिलाय मी."

"कोणाला?"

"नानांना."

ताईला अचानक खोकला आला. खूप वेळ आला. तिने माझ्याकडे पाठ केली आणि पाना पुसत बसली.

मी गाडी तशीच एका डोळ्याने घरी आणली आणि इथे शेजारी शिरले. आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नाही. गाडीचं दार उघडायच्या आधी दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली आले होते. त्यांनी खिशातला छोटा टॉर्च काढून दिव्याच्या खळग्यात उजेड टाकला आणि मला जवळजवळ 'आ' करायला सांगितलं.

"मूळ काढायचं नाही," ते म्हणाले. "शेवटपर्यंत मूळ वाचवायचं. वरचं घासा, भरा, थोडंथोडं करा. एकदा उपटलं की शेजारचेही हलायला लागतात. गॅरेजवाला कोण आहे? डेंटर ना? अहो, मी डेंटिस्ट, तो डेंटर. तत्त्व एकच."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. आमच्या सेक्रेटरींच्या मनात गेली चार वर्षं एकच विषय आहे: ही इमारत पाडून नवी बांधायची. प्रत्येक मीटिंगमध्ये ते ठराव मांडतात आणि प्रत्येक मीटिंगमध्ये डॉक्टर म्हणतात, "आधी गिलावा करून बघू." त्यामुळे डॉक्टरांच्या तोंडून 'थोडंथोडं' हा शब्द निघताच सेक्रेटरींचे कान लाल झाले.

"थोडंथोडं करून काय होतं ते जिन्यात बघा!" ते म्हणाले. "सहा वेळा रंग दिला, सहा वेळा पोपडे आले. तुम्ही सरळ पुढचा भाग उडवा आणि नवा बसवा. आमूलाग्र!"

"गाडीचं चाललंय हो," मी म्हटलं.

"मला ठाऊक आहे कशाचं चाललंय. आज तुम्ही गाडीच्या बाबतीत 'हळूहळू' म्हणालात, की उद्या इमारतीच्या बाबतीत लोक तुमचंच उदाहरण देतील. तुमची जबाबदारी मोठी आहे."

पंपाच्या खोलीपाशी अर्ध्या तासात चौदा माणसं जमली. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला नऊ आली होती. तळमजल्यावरच्या भूमितीच्या बाईंनी पाटीवर वर्तुळ काढून दाखवलं, की वर्तुळ हाच पूर्ण आकार आहे आणि त्यात सुधारणा संभवत नाही. कोणीतरी म्हणालं की माणसाचे डोळे लाखो वर्षांत हळूहळू झालेत, त्यावर दुसरा म्हणाला, म्हणूनच सगळ्यांना चष्मे लागलेत. शेवटी हात वर करून मतं घेतली. सात 'हळूहळू', सात 'एकदम'. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला काच हवी आहे." या उत्तराने दोन्ही पक्ष नाराज झाले आणि माझ्या वाट्याला कायमचा अबोला आला. सेक्रेटरींनी जाताजाता पंपाच्या खोलीच्या कोपऱ्याचा टवका उडाल्याबद्दल मला लेखी खुलासा मागितला.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तीन दुकानं, दोन भंगारवाले आणि एक चष्म्याचं दुकान पालथं घालून झालं होतं. अशा अवस्थेत छोटूचा फोन आला. बायकोने त्याला सांगितलं होतं. माझी मानहानी आमच्या घरातून बाहेर जाण्याचा वेग मी अजून मोजू शकलेलो नाही.

"भाऊजी, घाबरू नका," तो म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी गाडी मी नेतो. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सगळं आहे. रविवारी आणून देतो. दोन्ही दिवे लागतील, माझा शब्द."

"काही बदलायचं नाही हं, छोटू."

"भाऊजी, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसावर कधीही विश्वास ठेवू नये, हे मी आज ठामपणे सांगू शकतो.

रविवारी दुपारी खालून हॉर्न वाजला. हॉर्न ओळखीचा होता. मी गॅलरीत गेलो. खाली दारात एक गाडी उभी होती. मागून भिंगरी होती. पाठ भिंगरीची, दारं भिंगरीची, रंग तोच हिरवा. आणि दारांच्या पुढे कोणीतरी दुसरंच सुरू होत होतं. गोल दिवे गेले होते. त्यांच्या जागी दोन तिरप्या फटी, झोपमोड झालेल्या मांजरासारख्या. नाक असं टोकदार की त्याने पाकीट फोडावं. मी जिना उतरलो हे मला आठवत नाही. बायको सांगते, मी उतरताना प्रत्येक पायरीवर "काच" असं म्हणत होतो.

"दोन्ही दिवे लागतात," छोटू म्हणाला आणि त्याने लावून दाखवले. लागत होते. शब्दाचा पक्का माणूस.

"हे... हे काय आहे?"

"माझं नाक," तो म्हणाला आणि मग त्याचा आवाज जरा उतरला. "म्हणजे नव्या भिंगरीचं. ऑफिसात फायबरचा नमुना केला होता. नापास झाला, भाऊजी. साहेब म्हणाले फारच वेगळं आहे, जुनी गिऱ्हाइकं पळतील. नमुना भंगारात जाणार होता. मी विचार केला, नानांनी तो कागदावर बघितला, आता एकदा खऱ्या गाडीवर बघू दे. एकदाच. मग पुढे मी त्यांना काहीच दाखवणार नाही."

मला रागवायचं होतं. माझ्याजवळ चांगला साठलेला राग होता. पण सहा फुटांचा माणूस खाली मान घालून बुटाच्या टोकाने दगड उडवायला लागला की रागवणार कुठे?

"आणि जुनं नाक?"

"सुरक्षित आहे. चार बोल्टचं काम. वर्कशॉपमध्ये ठेवलंय. उद्या दहाला वर्कशॉप उघडलं की..."

"तपासणी नऊला आहे!"

छोटूचा चेहरा प्रथमच जुन्या भिंगरीसारखा झाला.

आणि आता सर्वांत भयंकर गोष्ट. गाडी अजून नानांच्या नावावर होती. मूळ मालकाने समक्ष सही करायची असते. म्हणजे सोमवारी नऊ वाजता नाना तिथे असणार होते.

रात्रभर जागलो वगैरे काही नाही. मला धक्का बसला की गाढ झोप लागते. सकाळी मी ते नाक घेऊन निघालो. रस्त्यात लोक बघत होते. एका सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने पुढून बघितलं, मग मान वळवून मागून बघितलं आणि मला विचारलं, "दोन अपघातांतून एक केली का?"

कचेरीच्या आवारात नाना काठी टेकून उभे होते, टॅक्सीतून आलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. छोटूही आला होता. तो झाडाआड उभा होता, पण सहा फूट एक इंच झाडाआड मावत नाही. मी गाडी थांबवली. नानांनी पुढून बघितलं.

नाना सावकाश गाडीभोवती एक फेरी मारून परत नाकापाशी आले आणि काठीचं टोक हवेतच त्याच्या रेषेवरून एकदा फिरवलं. त्यांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज करायच्या आत निरीक्षक आले.

निरीक्षक किडकिडीत, अत्यंत नम्र, हातात मोजपट्टी, काखेत जाड फाइल. मी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. म्हणजे व्यक्ती म्हणून नव्हे, जात म्हणून: दुसऱ्याच्या रजिस्टरातली चूक सापडली की ज्यांना भूक लागते त्यांच्यापैकी. मी स्वतः त्यातलाच आहे.

"साहेब," मी लगेच सुरुवात केली, "हे पुढचं तात्पुरतं आहे, मूळ भाग सुरक्षित..."

"ते बघितलं मी," ते म्हणाले. "चार बोल्टवर आहे. काढून आणा, माझी हरकत नाही. बाकीच्याचं काय?"

"बाकीचं कसलं?"

त्यांनी फाइलमधून एक पिवळा पडलेला नकाशा काढून बॉनेटवर पसरला. कारखान्याने नोंदणीच्या वेळी जोडलेला. मग पट्टी लावत ते गाडीभोवती फिरू लागले आणि एकेक आकडा वाचू लागले. मागचा उतार: नकाशापेक्षा दीड इंच जास्त. पुढची काच: कललेली. दारं: लांब. आरसे: नकाशात चौकोनी, इथे गोल. मागचे दिवे: नकाशात उभे, इथे आडवे. चाकांवरच्या कमानी: वेगळ्या. छप्पर: खाली.

"समोरचा जुना दिवा तर नाही, पण त्याची फ्रेम तुमच्या सीटमागे पडलेली आहे," ते म्हणाले. "तीही मोठी आहे." त्यांनी फाइल मिटली. "क्षमा करा, पण नकाशातली गाडी या गाडीत मला कुठेच सापडत नाही. नंबर सोडून."

मला पहिल्यांदा वाटलं, नकाशा चुकला. दुसऱ्यांदा वाटलं, गाडी चोरीला गेली आणि दुसरीच आली. तिसऱ्यांदा मला फळीवरचा तो खोका आणि ताईचा खोकला आठवला आणि मी वळून नानांकडे पाहिलं.

नाना आपल्या बुटांकडे बघत होते.

"नकाशावर खाली सही कोणाची आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"माझी," नाना म्हणाले.

"म्हणजे गाडी कशी असली पाहिजे हे आपणच लिहून दिलं होतं."

"ते साहेबांनी लिहून घेतलं होतं," नाना एकदम म्हणाले. "तो मागचा उतार मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. मी सांगितलं होतं साहेबांना, की अर्धा इंच द्या. नाही म्हणाले. मग माझी स्वतःची गाडी आली. पहिल्या वर्षी मी फक्त आरसे बदलले. आरसे काय, कोणीही बदलतं. दुसऱ्या वर्षी उतार, पाव इंच. मग उतार बदलला तर काच सरळ बरी दिसेना. काच कलवली तर दार आखूड वाटायला लागलं."

छोटू झाडाआडून केव्हा बाहेर आला होता कोण जाणे.

"दर मे महिन्यात गाडी आठ दिवस सर्व्हिसिंगला जायची," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "मी लहान असल्यापासून."

"सर्व्हिसिंगच होतं ते," नाना म्हणाले. "जरा खोलवर."

"एक्केचाळीस वर्षं?"

"दोन वर्षं नाही केलं. एकदा तुझी आई आजारी होती. एकदा तुझी दहावी होती."

आठ महिन्यांत प्रथमच ते दोघं मधे मला न घेता बोलत होते, आणि माझ्या ते अर्ध्या मिनिटाने लक्षात आलं, कारण मी सवयीने नानांचं वाक्य छोटूला सांगायला तोंड उघडलं होतं.

"नाना, तुम्ही अख्खी गाडी बदललीत!" छोटू जवळजवळ ओरडला. तपासणीच्या रांगेतले ट्रकवाले वळून बघायला लागले. "आणि माझं एक चित्र बघून म्हणालात, गाडी कुठाय! मी आठ महिने झोपलो नाही. मला वाटलं, जी गाडी एक्केचाळीस वर्षांत कोणाला बदलावीशी वाटली नाही, तिला हात लावायला मी कोण!"

"बदल नको असं मी कधी म्हणालो?" नानांनी काठी आपटली. "मी बदलली, पण कळलं का कोणाला? तू लहानाचा मोठा झालास तिच्यात, तुला कळलं? तुझ्या आईला कळलं? याला म्हणतात बदल!"

"याला म्हणतात लपवाछपवी!"

"तुझं म्हणजे अंगावर धावून येणं!"

"पण मी धावून आलो ते दिसतं तरी! तुम्ही माझ्यासारखेच होतात, नाना. हे मला कोणीतरी सांगायचं होतं."

यावर नानांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांची हनुवटी जरा हलली. मला वाटलं आता पाणी आणावं, पण मी हललो असतो तर काहीतरी मोडलं असतं.

मग नाना खाली वाकले. गुडघ्यांनी हरकत घेतली तरी वाकले. एक डोळा मिटून त्यांनी नव्या नाकाकडे अगदी जमिनीच्या पातळीवरून पाहिलं.

"डावा दिवा दोन सूत खाली आहे," ते म्हणाले.

"नाही!" छोटू म्हणाला.

"साहेब, पट्टी द्या."

निरीक्षकांनी निमूटपणे पट्टी दिली. बापलेक दोघं गुडघ्यांवर बसून मोजायला लागले. दोन सूत म्हणजे पाव इंच. डावा दिवा बरोब्बर तेवढा खाली होता. छोटूने पट्टी पुन्हा एकदा लावून बघितली आणि मग म्हणाला, "हा वर घेतला तर?"

"तर नाक वाईट नाही," नाना म्हणाले. "उद्धट आहे. पण वाईट नाही."

त्यांना उठवायला मी आणि छोटू दोघं लागलो.

आता कागदोपत्री प्रश्न उरला होता. निरीक्षकांनी समजावून सांगितलं, की मार्ग दोन. एक: तीस दिवसांत गाडी नकाशाप्रमाणे पूर्ववत करून आणा. यावर नाना आणि छोटू एकाच वेळी, एकाच सुरात "अजिबात नाही" म्हणाले. दोन: जुनी नोंद रद्द करून, कारखान्याबाहेर खाजगीरीत्या तयार झालेलं नवं वाहन म्हणून नोंद करा. त्यासाठी वेगळा फॉर्म. फॉर्मवर एक चौकोन: निर्मात्याचं नाव.

"माझं लिहा," नाना म्हणाले.

"आणि नाक?" छोटू म्हणाला.

"दोघांचं लिहा."

"चौकोन एक आहे," निरीक्षक म्हणाले. "एकच नाव मावतं."

"मग त्याचं लिहा," नाना म्हणाले. "पोरगा आहे. पुढचं आयुष्य त्याचं आहे."

"छे! एक्केचाळीस वर्षं तुम्ही केलंय. तुमचंच."

"तू गप्प बस."

"तुम्ही ऐका."

पाच मिनिटांपूर्वी ते श्रेय ओढत होते, आता ते एकमेकांवर ढकलत होते, आणि आवाज दोन्ही वेळा तेवढाच होता. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. अर्ज घेण्याची खिडकी बंद व्हायला चार मिनिटं होती. निरीक्षकांनी एक दीर्घ श्वास घेतला, अर्जाचा पहिला कागद उलटला, 'वाहन सादर करणारा' या रकान्यातलं नाव बघितलं आणि ते सुवाच्य अक्षरात त्या चौकोनात उतरवून त्यावर शिक्का मारला.

नाव माझं होतं.

"अहो, पण मी..." मी म्हटलं. "मला नळाचा वॉशर बदलता येत नाही!"

"दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो," ते नम्रपणे म्हणाले. "अडीच महिने लागतात."

मी वळलो तेव्हा नाना आणि छोटू गाडीत बसले होते. छोटू चालवत होता, नाना शेजारी. गाडी दोन सीटांची असल्यामुळे निर्माता बाहेर उभा होता. "जावईबापू, जरा ताईकडे जाऊन येतो," नाना खिडकीतून म्हणाले, "हा दिवा वर घ्यायचाय," आणि ते बोलत बोलत, भांडत भांडत निघून गेले. फाटकातून वळताना छोटूने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून काहीतरी मोठा आकार दाखवला आणि नानांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मी बसने घरी आलो. मला बसायला जागा मिळाली नाही.

मला वाटलं होतं, झालं एवढं झालं. पण तीन आठवड्यांनी घरी एक जाडजूड सरकारी लिफाफा आला. वर 'उत्पादक महोदय' असं लिहिलं होतं. बायकोने तो शेजारणींना दाखवून मग मला दिला. आत प्रश्नावली होती. आपल्या कारखान्यात कामगार किती? वार्षिक उत्पादन किती? आणि तिसरा प्रश्न असा: 'आपल्या वाहनाच्या आकारात पुढील वर्षी बदल करावयाचा असल्यास तो क्रमाक्रमाने करणार की आमूलाग्र, हे स्पष्ट करावे.'

मी तो कागद घेऊन नानांकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे कागद पसरले होते. नाना पेन्सिलीने रेघ ओढत होते, छोटू रबराने पुसत होता. मी प्रश्न वाचून दाखवला.

"क्रमाक्रमाने!" नाना म्हणाले.

"आमूलाग्र!" छोटू म्हणाला.

आणि पुढचे सव्वा दोन तास त्यांना माझी आठवण राहिली नाही. मी तिथेच खुर्चीच्या हातावर कागद ठेवला. इमारतीतल्या चौदाजणांना, कारखान्यातल्या साहेबांना आणि या दोघांना मिळून जे ठरवता आलं नाही, ते मीटर विभागातल्या माणसाने कुठून ठरवावं? पण उत्तराशिवाय कागद परत पाठवणं माझ्या रक्तात नाही. सव्वीस वर्षांची नोकरी कामाला आली. मी पेनाचं टोपण काढलं आणि निर्माता या नात्याने, माझ्या उत्तम अक्षरात, त्या प्रश्नासमोर लिहिलं:

'बाब विचाराधीन आहे.'